उन्हात ठेवलेली खुर्ची

रत्ना,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. परवा तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला, आणि शेवटी तुझ्या अशोकरावांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी उठले. चार शब्द बोलायचे होते, मी चारशे बोलले. तुला ठाऊकच आहे, हातात माईक आला की मला वेळेचं भान राहत नाही. तू असतीस तर मागून पदर ओढून "नंदे, आवर आता" म्हणाली असतीस. परवा पदर ओढणारं कोणी नव्हतं, म्हणून बोलत सुटले.

बोलले ते तुझ्या शब्दांच्या कार्डांबद्दल. तू शाळेत इंग्रजी कशी शिकवायचीस, पोरं तुला कशी घाबरायची आणि सुट्टीत तुझ्याच मागे कशी फिरायची, स्कूटी शिकताना तू आपल्या मुख्याध्यापकांच्याच गाडीला कशी धडकलीस, हे सगळं सांगितलं. लोक हसले, डोळे पुसले. खाली बसले तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "मॅडम, फार छान बोललात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातून जे बोलायचं ठरवून निघाले होते, ते मी बोललेच नव्हते. बत्तीस वर्षं तुझ्याजवळ जे बोलले नाही, ते तुझ्या फोटोसमोर उभं राहूनही तोंडातून निघालं नाही.

म्हणून हे लिहायला बसले आहे. विषय सोडून भलतीकडे जाईन, ती माझी खोड आहे. पण आज मुद्द्यावर येणार, टाळणार नाही. तेवढा धीर धर.

आपली ओळख भांडणातूनच झाली. उस्मानपुऱ्यातल्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा तुला तिथं वर्ष झालं होतं. पहिल्याच आठवड्यात मी शिक्षकखोलीत मोठ्या ऐटीत म्हटलं, की पोरांना आधी मराठी नीट येऊ द्या, इंग्रजीचं मग बघू. तू तपासायच्या वह्यांतून डोकं वर न काढता म्हणालीस, "ज्यांच्या घरात दोन्ही आहेत त्यांचं असं म्हणायला काय जातंय?" मला ते फार झोंबलं. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तूच डबा उघडून माझ्यापुढं सरकवलास. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. म्हणालीस, "खा. रागानं पोट भरत नाय." तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत आपण एका डब्यात जेवलो. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, पुढं जे सांगायचं आहे त्यासाठी.

तुझी कार्डं! लग्नसराई संपली की तू शेजारीपाजारी हिंडून जुन्या पत्रिका मागून आणायचीस आणि त्यांचे तळहाताएवढे तुकडे करायचीस. एका बाजूला कोणाचं तरी 'चि. सौ. कां.' आणि दुसऱ्या बाजूला तुझ्या बारीक अक्षरात एक इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ आणि तो कुठून कुठून आला त्याची हकिकत. मराठी शाळेतल्या पोरांसाठी शब्दांचं पुस्तक करायचं होतं तुला. "नुसता अर्थ पाठ करून शब्द आपला होत नाय," तू म्हणायचीस. "त्याचं घर बघून यायला लागतं." पुस्तक झालं नाही. कार्डं मात्र तीन बुटांच्या खोक्यांत भरली आहेत. परवा निघताना अशोकरावांनी ती खोकी माझ्या रिक्षात ठेवली. म्हणाले, "ही तुमचीच."

सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मळलेलं कार्ड चेअरचं. तुझा लाडका शब्द. पाचवीच्या वर्गात नवी पोरं आली की तुझा पहिला तास ठरलेला असे. तू आपली खुर्ची टेबलामागून काढून वर्गाच्या मधोमध ठेवायचीस आणि एकेका पोराला तिच्यावर बसवायचीस. नुसतं टेकायचं नाही, पाठ टेकवून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून नीट बसायचं, आणि मग मोठ्यांदा म्हणायचं, "धिस इज अ चेअर. आय अॅम सिटिंग ऑन इट." साठ पोरं, साठ वेळा. पहिल्या वर्षी मुख्याध्यापक दारात येऊन थबकले. "साळवे मॅडम, शिक्षकाच्या खुर्चीत पोरं?" तू शांतपणे म्हणालीस, "सर, बसल्याशिवाय त्यांना हा शब्द येणार नाही." ते मान हलवत निघून गेले. मीही तेव्हा हसले होते. म्हटलं, हिचं काहीतरी नवीनच.

त्या शब्दाची हकिकत तू इतक्यांदा सांगितलीस की मी झोपेतही सांगेन. ग्रीक लोकांत 'काता' म्हणजे खाली आणि 'हेद्रा' म्हणजे बसायची जागा. दोन्ही मिळून 'कथेद्रा'. लॅटिननं तो घेतला. चर्चमधला मोठा धर्मगुरू ज्या आसनावर बसायचा त्याला तेच नाव होतं, आणि ते आसन ज्या चर्चमध्ये असेल ते कथीड्रल. फ्रेंचांच्या तोंडात हा शब्द झिजला आणि झिजलेला तुकडा इंग्रजीत आला, तो चेअर. पुढं पॅरिसच्या लोकांनी त्यातल्या 'र'चा 'झ' केला, त्यातून आलेला 'शेझ' नावाचा त्याचा एक सख्खा भाऊही इंग्रजीत फिरतो. विद्यापीठात प्राध्यापकाच्या पदाला चेअर म्हणतात आणि सभेच्या अध्यक्षालाही चेअर म्हणतात. हे सांगताना तुझा आवाज चढायचा. मग तू जरा थांबून स्टूलवर यायचीस. चेअर येण्याआधी इंग्रजीत सगळ्या बसण्याला स्टूलच म्हणायचे, राजाच्या सिंहासनालासुद्धा. परका, थोरामोठ्यांचा चेअर आला आणि घरचं स्टूल बिचारं बिनपाठीचं, खालच्या मानाचं होऊन बसलं. "बघ नंदे," तू म्हणायचीस, "तिकडंही हेच." मी म्हणायचे, "काय हेच?" तू हसून चहाचा घोट घ्यायचीस.

मी मराठीवाली, मला गप्प कसं बसवेल? मी एकदा सांगितलं, की तुझ्या त्या हेद्राचं आणि आपल्या संस्कृतातल्या 'सद्'चं मूळ एकच आहे. सद् म्हणजे बसणं. सदन, सदस्य, संसद, परिषद सगळे त्यातलेच. इंग्रजीतला सिटही त्यातलाच. मला वाटलं तू खूश होशील. तू झालीसही, लगेच कार्डावर लिहूनही घेतलंस. मग म्हणालीस, "उपनिषद?" मी फुशारकीनं म्हटलं, "तोही. उप म्हणजे जवळ, नि म्हणजे खाली. गुरूच्या जवळ खाली बसणं." तू पेनाचं टोपण लावलंस. "जवळ कोणाला बसवत होते, ते पण लिहायचं का कार्डावर?" मी चिडले. म्हटलं, शब्दाचा इतिहास वेगळा आणि माणसांचा वेगळा. तू म्हणालीस, वेगळा असता तर बरं झालं असतं. ते भांडण आपण पुढं वीस-पंचवीस वर्षं भांडलो आणि ते काही मिटलं नाही. आता एकटीला भांडावं लागतं आणि मी हरते आहे. तुला याचा आनंद झाला असता.

दुसरं भांडण अर्थांच्या क्रमाचं. मी म्हणायचे, कार्डावर पहिला अर्थ बसायच्या खुर्चीचा हवा, कोशात तसाच असतो. तू म्हणायचीस, पहिला अर्थ रेल्वेचा. जिथं गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते, तिथं सरकत्या रुळाखाली लोखंडी बैठका असतात, त्यांना रेल्वेत चेअर म्हणतात. त्यांना वेळच्या वेळी तेल लावावं लागतं, नाहीतर रूळ अडकतो. तुझे वडील गँगमन होते. ऊन असो पाऊस असो, तेलाचा डबा घेऊन ते त्या बैठकांना तेल लावत फिरायचे. घरी येऊन सांगायचे, "आज सगळ्या चेरांना तेल घातलं." तू आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द ऐकलास तो असा. साहेबांच्या ऑफिसात मात्र ते कायम उभे राहिले. कोणी बस म्हणालं नाही आणि ते बसले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी हार घालायचा म्हणून त्यांना पहिल्यांदा खुर्ची दिली, तर ते अगदी कडेला टेकले. हार घातल्यावर पटकन उठलेसुद्धा. तू तेव्हा बारावीत होतीस. हे तू मला एकदाच सांगितलंस, शाळेच्या जिन्यात. नंतर कधी त्या विषयावर बोलली नाहीस.

काल मी नवीन कार्ड केलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे रेल्वेचा अर्थ पहिला घातला. घे, जिंकलीस.

आणि तो खुर्च्या विणणारा चाचा? माझ्या घरची वेताची खुर्ची फाटली तेव्हा आपण दोघी ती रिक्षात घालून त्याच्याकडे गेलो होतो. तो फुटपाथवर बसून वेत ओढत होता आणि तू त्याला शिकवायला लागलीस, की तुमचा कुर्सी अरबीतून फारसीत गेला, फारसीतून इकडं आला आणि आम्ही त्याची खुर्ची केली. चाचानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अम्माँ, कुर्सी बोलो, खुर्ची बोलो, बैठनेका तो एकीच है. पन बुनाई ढीली रही तो दोनो गिरते." तू इतकी हसलीस की खोकला लागला. घरी येऊन ते वाक्य तू कार्डावर उतरवलंस. काल खोक्यात ते सापडलं. खाली 'चाचा, प्रत्यक्ष' असं लिहिलं आहेस.

बघ, मी टाळतेच आहे. आता सांगते.

नोकरीला लागल्यावर दोन वर्षांनी मी तुम्हाला हुरड्याला आमच्या गावी नेलं. कन्नडपर्यंत एसटी, पुढं जीप. आपण पाच जणी होतो. शेतात गोणपाटावर बसून सगळ्यांनी हुरडा खाल्ला, लसणाची चटणी, तीळ, गूळ. तू आगटीजवळ बसून माझ्या काकांशी ज्वारीच्या जातींवर वाद घालत होतीस. फार छान दिवस होता तो. मग चहाला घरी गेलो. ओसरीवर वेताच्या चार खुर्च्या होत्या. आई एकेकीला नाव-गाव विचारत होती. तुझ्यापाशी आली. तू म्हणालीस, "रत्नमाला साळवे."

"साळवे म्हंजी कोणतं साळवे?"

"बौद्ध आहोत आम्ही, मावशी."

किती सरळ सांगितलंस. आई "बरं, बरं" म्हणाली आणि आत गेली. परसातून लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आली, ती दाराशी उघडून ठेवली आणि म्हणाली, "हितं बसा. हितं वारं लागतंय."

ती खुर्ची कशासाठी होती हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पूर्वी गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस कामासाठी आला की खालीच बसायचा. मग त्यांच्यातले लोक शिकले, साहेब होऊन गावात यायला लागले. साहेबाला खाली बसवता येईना आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसवायला आमच्या लोकांचं मन होईना. म्हणून वडिलांनी ती वेगळी खुर्ची विकत आणली होती. वापर झाला की धुऊन ठेवायची.

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला एका क्षणात सगळं कळलं. मी पुढं येऊन "आई, रत्नाला इथं बसू दे" एवढं म्हणायला हवं होतं. मी ट्रे घेऊन आले आणि चहा दिला. कप सगळ्यांना सारखेच होते, कारण ते मी भरले होते. पुढं कितीतरी वर्षं त्या सारख्या कपांवर मी स्वतःची समजूत घातली.

तुम्ही निघालात. बाहेर चपला घालण्याची गडबड चालली होती. बरोबर द्यायची हुरड्याची पिशवी आणायला मी परसात गेले, तर आई त्या खुर्चीवर तांब्यानं पाणी ओतत होती. मला बघून ती अवघडली, पण थांबली नाही. म्हणाली, "नंदा, ती उन्हात ठेव." आणि मी ठेवली, रत्ना. सकाळी एसटीत ज्या हातानं तुझ्या डब्यातली भाकरी मोडली होती त्याच हातानं उचलून गोठ्याच्या भिंतीशी नेली. पाणी निथळावं म्हणून जरा तिरकीसुद्धा केली. वळले तर बोळातून जाताना तुझी पाठ दिसली. हिरवी साडी होती तुझी.

तू कशाला आली होतीस मागं? पाणी प्यायला? मला बोलवायला? तू पाहिलंस का? जीपमध्ये तू शेंगा सोलून सगळ्यांना वाटत होतीस, आमच्या काकांची नक्कल करत होतीस. मी स्वतःला सांगितलं, हिनं नसेल पाहिलं. पाहिलं असतं तर अशी हसली असती का? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू डबा उघडलास आणि माझ्यापुढं सरकवलास. नाहीच पाहिलं, असं मी ठरवून टाकलं. बत्तीस वर्षं मी त्या ठरवण्यावर जगले. आधी लाज वाटायची म्हणून बोलले नाही, मग आता इतक्या दिवसांनी कशाला उकरायचं म्हणून बोलले नाही. पुढं पुढं न बोलण्याची सवयच झाली.

वडील गेले आणि आईला मी इकडे आणलं त्याला आठ वर्षं झाली. शाळा सुटली की तू माझ्याबरोबर घरी यायचीस, निवृत्तीनंतर रोज चारच्या ठोक्याला. सुरुवातीला आई तुझ्याशी तुटक वागायची. चहा दिला की भिंतीकडे तोंड करून पडायची. मला धास्ती वाटायची, ही काही बोलली तर? मग मधेच काय झालं कोण जाणे, तिचं तुझ्यावाचून पान हलेना. तू खुर्ची ओढलीस की म्हणायची, "रत्ने, लांब नको बसू. हितं खाटंवर ये." तू तिची नखं कापायचीस, पेपर वाचून दाखवायचीस, मालिकेतल्या सासवांवरून तिच्याशी भांडायचीस. तू तिला सही शिकवलीस. बँकेतल्या पोरीनं शाईचा डबा पुढं केला तर आई म्हणाली, "पेन दे." ते तू मला शंभर वेळा सांगितलंस, जणू मी तिथं नव्हतेच. मला वाटायचं, वय झालं की माणूस निवळतं. तू गेल्याचं सांगितलं त्या दिवशी आईनं काही खाल्लं नाही. गुडघ्यांमुळं तिला जिना उतरता येत नाही, म्हणून परवा ती तुझ्या घरी येऊ शकली नाही.

मी परत आले तेव्हा ती खाटेवर बसूनच होती. म्हणाली, "बोललीस का?"

"बोलले."

"काय काय बोललीस?"

मी सांगितलं. कार्डं, पाचवीचा तास, स्कूटी. ती ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "आन् खुर्चीचं?"

मला वाटलं तुझ्या शब्दाबद्दल विचारते आहे. म्हटलं, "हो, चेअरचं सांगितलं ना, वर्गात कशी—"

"ती नाय. लोखंडाची. म्या धुतली आन् तू उन्हात ठेवली ती."

मी तिथंच खाली बसले. बत्तीस वर्षांत आम्ही मायलेकींनी त्या खुर्चीचं नाव काढलं नव्हतं. आई तुझ्या नेहमीच्या जागेवर, खाटेच्या कडेला हात फिरवत बोलत राहिली. "मला हितं आणलं त्याच वरसी. तू खाली माझं औषध आणाया गेली व्हतीस. ही माझी नखं कापत व्हती. मला लई भरून आलं. म्या म्हनलं, रत्ने, म्या तुझी खुर्ची धुतली व्हती गं. तिनं नखं कापायचं थांबवलं. म्हनली, व्हय आई, म्या बघितलं व्हतं. म्या तिचे पाय धराया वाकले तर तिनं मला तसंच धरलं. दोघी लई रडलो. जिन्यात तुझी चप्पल वाजली तवा गप झालो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनंच नको म्हनलं. म्हनली, नंदाला तुमी काय बोलू नका. ती शिकलेली हाय, शब्दांचीच तिची नोकरी हाय. तिचं तिला सांगू द्या. ती सांगंल."

आईनं पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. नंतर म्हणाली, "मला वाटलं, सांगितलं असशील."

रत्ना, माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही. तिला तुझ्याशी बोलायला एवढाच वेळ पुरला, मी औषधाच्या दुकानातून परत येईपर्यंतचा. मी तुझ्याबरोबर मूळ, व्युत्पत्ती, ग्रीक, फारसी सगळं बोलले. आता एकेक आठवतं आहे. एकदा तू चेअरचं कार्ड माझ्या हातात देऊन म्हणालीस, "यात एक अर्थ राहिलाय. तो तू लिही." मी म्हटलं, "कोणता?" तू म्हणालीस, "आठवेल तेव्हा लिही, घाई नाय." मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच, आणि चहा टाकायला उठले. आणखी एकदा, गेल्या हिवाळ्यात, तू सहज विचारलंस, "तुमच्या गावाकडं हुरडा अजून करतात का गं?" मी म्हटलं, भाऊ करतो, आता जाणं होत नाही. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी रिमोट शोधत होते. आठ वर्षं रोज तू येत होतीस. नुसती वाट बघण्यासाठी येत होतीस असं मी म्हणत नाही, तुझा आम्हा दोघींवर जीव होता. पण वाटही बघत होतीस. मी सांगेन असा तुझा माझ्यावर विश्वास होता, आणि तो मी खोटा पाडला.

मला तुझा रागही येतो आहे. का नाही तूच बोललीस? भांडायला तू कधी घाबरली नाहीस, कार्डावरच्या क्रमासाठी महिनाभर अबोला धरलास, मग इथंच कशी गप्प राहिलीस? लिहिता लिहिता उत्तरही कळतं आहे. ती खुर्ची तू धुतली नव्हतीस. पहिला शब्द तू का बोलायचास?

उद्या सकाळी मी अशोकरावांकडे जाऊन हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे. ते आमच्या घरी कितीदा जेवले आहेत. ऐकल्यावर त्यांना काय वाटेल, ते मला घरात घेतील का, मला माहीत नाही. नाही घेतलं तर त्यांचं चुकणार नाही. मग भावाला फोन करून त्यालाही सांगणार आहे, कारण ती खुर्ची ज्या घरात होती ते घर आता त्याचं आहे आणि त्याच्या मुलांना हे कोणी सांगितलेलं नाही. पण त्याआधी तुला सांगायचं होतं.

आईनं तुझी खुर्ची धुतली आणि मी ती उन्हात ठेवली. ती का धुतली हे मला पुरतं ठाऊक होतं. मी आईला अडवलं नाही आणि तुला काही विचारलं नाही. माझं चुकलं, रत्ना. मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं, आणि तू रोज समोर बसली होतीस.